यंदाचा गहू असा का? हवामान आणि दाण्याची प्रत

 चैत्र लागला की आपल्या गटांच्या बैठकीत दोन विषय हमखास निघतात. एक वर्षाच्या गव्हाचा आणि दुसरा उन्हाळी वाळवणाच्या ऑर्डरींचा. त्यातच कुणीतरी म्हणतं, "गहू लोकवनच आहे, व्यापारीही नेहमीचाच आहे. मग मागच्या वर्षी पोळी मऊ राहायची आणि यंदा दुपारपर्यंत वातड का होते?" दुसरी म्हणते, "तेवढाच गहू भिजवला, पण चीक कमीच निघाला." मग दोष कधी गिरणीवाल्याला, कधी खताला, कधी बियाण्याला जातो. तिथे चूक असूही शकते. पण ज्याच्याकडे आपण सहसा बोट दाखवत नाही तो आणखी एक भागीदार असतो, तो म्हणजे हवामान. आजच्या भागात त्याच्याबद्दल बोलू.

आधीच एक गोष्ट सांगते. गव्हाचं वाण आपल्याला सांगतं की दाणा कसा होऊ शकतो. तो प्रत्यक्षात कसा झाला, हे ठरतं ओंबी निघाल्यापासून मळणी होईपर्यंतच्या साधारण दीड-दोन महिन्यांच्या हवेवर. म्हणून गहू घेताना नुसतं "कोणता आहे?" आणि "काय भाव?" एवढं विचारून भागत नाही. "पेरला कधी? चीक भरताना ऊन कसं होतं? काढणीत भिजला का?" हे तीन प्रश्नही विचारायला हवेत. गटासाठी एकदम पाच-दहा क्विंटल घेताना तर नक्कीच.

दाण्याच्या आत काय असतं

गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. वरची साल, जिचा आपण कोंडा म्हणून चाळून बाजूला काढतो. खालच्या टोकाला बारीकसा अंकुर. आणि मधला पांढरा गर. चांगल्या भरलेल्या १०० ग्रॅम गव्हात साधारण ८३ ग्रॅम गर, १४ ग्रॅम साल आणि दोन-तीन ग्रॅम अंकुर असतो. या गरात मुख्य असतं पिष्ट, म्हणजे स्टार्च. त्याच्या जोडीला प्रथिनं असतात. कणीक मळल्यावर तिला जो ताण येतो, लाटताना पोळी फाटत नाही, शेवई लांब ओढली तरी तुटत नाही, हे सगळं प्रथिनांमुळे. आणि कुरडईचा जो पांढराशुभ्र चीक आपण काढतो, तो म्हणजे पिष्ट.

आपल्या भाषेत एक गंमत आहे बघा. शेतात दाणा दाबला की दुधासारखं पांढरं निघतं, त्यालाही आपण चीकच म्हणतो. "गहू चिकात आलाय" असं शेतकरी सांगतो. कुरडईच्या पातेल्यात तळाशी बसतो तोही चीक. नाव उगाच एक नाही. शेतात जेवढा चीक भरला, तेवढाच पुढे पातेल्यात उतरणार. शेतात भरलाच नाही, तर आपण तीन दिवस भिजवून आणि कितीही घासून वाटून तो येणार कुठून?

थंडीचं काम आणि उन्हाचं काम

गहू हे थंड आणि कोरड्या हवेचं पीक. वाढीच्या काळात त्याला ७ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. दाणा भरताना २५ अंशांच्या आसपास असलं की दाणा टपोरा होतो. आपल्याकडे बागायती गहू वेळेवर पेरायचा म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. डिसेंबरच्या थंडीत त्याला फुटवे फुटतात. साठ-पासष्ट दिवसांनी, म्हणजे जानेवारीच्या मध्याला तो फुलोऱ्यात येतो. त्यानंतर तीस-चाळीस दिवस दाणा भरत राहतो आणि फेब्रुवारी संपेपर्यंत पक्व होत येतो. नाशिक जिल्ह्यात निफाडला गव्हाचं जुनं संशोधन केंद्र आहे, आणि हिवाळ्यात राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातम्यांत निफाडचं नाव नेहमी येतं. थंडीचं आणि गव्हाचं नातं लक्षात ठेवायला हे एक नाव पुरेसं आहे.

आता दाणा भरतो कसा ते पाहू. ओंबीच्या लगेच खाली जे शेवटचं पान असतं, ते या काळात ओंबीचं स्वयंपाकघर असतं. उन्हात ते साखर तयार करतं. ती साखर ओंबीत जाते आणि दाण्याच्या आत तिचं पिष्ट बनतं. हे काम हळूहळू, रोज थोडं थोडं होत राहतं. हवा थंड असली की पान जास्त दिवस हिरवं राहतं आणि भरणी जास्त दिवस चालते.

दिवसाचा पारा तिसाच्या वर जायला लागला की तीन गोष्टी घडतात. एक, झाड घाई करतं. पान लवकर पिवळं पडतं आणि चाळीस दिवसांचं काम तिसाच्या आतच आटोपतं. दोन, साखरेचं पिष्ट करणारी दाण्यातली यंत्रणा उष्णतेने मंदावते, त्यामुळे मिळालेल्या दिवसांतही काम कमीच होतं. तीन, रात्री गार नसल्या तर झाड दिवसा कमावलेली साखर रात्री श्वासातच खर्च करतं. कमाई कमी आणि खर्च जास्त, अशा घराचं काय होतं ते आपल्याला बचत गटात शिकवावं लागत नाही.

अशा वेळी साल आधीच तयार झालेली असते, पण आत भरायला गर पुरत नाही. मग साल आक्रसते आणि दाणा सुरकुततो. त्याला आपण बारीक पडलेला, चिरमटलेला गहू म्हणतो.

आता हिशोब बघा. चांगल्या गव्हाच्या १००० दाण्यांचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास असतं. समजा एका गव्हाचे १००० दाणे ४२ ग्रॅम भरले आणि दुसऱ्या, उन्हात सापडलेल्या गव्हाचे ३० ग्रॅम. पहिल्याच्या एका किलोत सुमारे २३,८०० दाणे येतात. दुसऱ्याच्या एका किलोत सुमारे ३३,३००. म्हणजे दुसऱ्या गव्हाच्या प्रत्येक किलोत साडेनऊ हजार साली जास्त! किलो तोच, पण त्यात साल जास्त आणि गर कमी. म्हणून कोंडा जास्त निघतो आणि चीक कमी.

मग पोळी वातड का होते?

इथे जरा नीट ऐका, कारण गोष्ट उलटी वाटेल. उन्हात बारीक पडलेल्या गव्हात प्रथिनांचं प्रमाण बहुतेक वेळा कमी होत नाही, उलट वाढलेलं दिसतं. प्रथिनं लवकर साठतात आणि उन्हाचा जास्त फटका पिष्टाला बसतो. पिष्ट घटलं की राहिलेल्या वजनात प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो. घरातली माणसं कमी झाली की उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं, तसंच. त्यामुळे एकरी प्रथिनं जास्त पिकली असा त्याचा अर्थ नाही.

वाटा वाढला तरी पोळी चांगलीच होईल असंही नाही. काही दिवस सलग ३५ अंशांच्या वर पारा राहिला तर प्रथिनांची आपसातली जोडणीच बिघडते. मग कणीक पाणी जास्त मागते, पण ताणली की तुटते. वर सालीचे बारीक कण पिठात जास्त उतरतात, त्याने पोळीचा रंग काळपट येतो आणि ती लवकर कडक होते. अशा पिठाची कणीक थोडी सैल मळायची आणि अर्धा-पाऊण तास झाकून ठेवायची. साल पाणी सावकाश पिते, तेवढा वेळ तिला दिला की फरक पडतो.

२०२२ आणि २०२३ ने काय दाखवलं

ही एकट्या-दुकट्या शेताची गोष्ट नाही. २०२२ चा मार्च हा नोंदी सुरू झाल्यापासूनच्या १२२ वर्षांतला देशातला सर्वांत गरम मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गहू आपल्यापेक्षा उशिरा तयार होतो, त्यामुळे तिथला गहू मार्चमध्ये ऐन चिकात होता. दाणा आक्रसला. सरकारी खरेदीत सुरकुतलेले आणि फुटलेले दाणे ६ टक्क्यांपर्यंत चालतात. त्या वर्षी ही मर्यादा १८ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली, नाहीतर शेतकऱ्यांचा माल परतच गेला असता. आणि १३ मे २०२२ ला देशाने गव्हाची निर्यातच थांबवली.

पुढच्या वर्षी ऊन आणि पाऊस दोन्ही आले. २०२३ चा फेब्रुवारी विक्रमी गरम गेला आणि मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला. आपल्याकडे तर गारपीटही झाली. पंजाब, हरियाणा, राजस्थान, मध्य प्रदेशातला गहू भिजला, त्याची चकाकी गेली, आणि सरकारला खरेदीचे नियम पुन्हा सैल करावे लागले.

यातून आपण काय घ्यायचं? मंडईत जो गहू येतो त्याची प्रत दरवर्षी सारखी नसते. नाव लोकवनच असेल, पोत्यावरचा छापही तोच असेल, पण आतला दाणा त्या वर्षीच्या हवेचा असतो.

काढणीच्या तोंडावरचा पाऊस

उन्हाने दाणा बारीक पडतो. पण पक्व झालेल्या गव्हावर पाऊस पडला की होणारं नुकसान वेगळं असतं, आणि ते फसवं असतं, कारण दाणा टपोरा दिसत असतो.

पहिलं नुकसान चकाकीचं. दाणा भिजतो, वाळतो, पुन्हा भिजतो. आतल्या गराला बारीक भेगा जातात आणि सोनेरी दाणा पांढुरका, मळकट दिसतो. बन्सी, गोदावरीसारख्या कडक गव्हाला याचा जास्त फटका बसतो. त्याचा दाणा काचेसारखा कठीण असतो म्हणून रवा छान पडतो. भिजून तो मऊ झाला की दळताना रवा कमी आणि पीठ जास्त पडतं. शेवया आणि रव्याचा धंदा करणाऱ्या गटांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरं नुकसान मोड येण्याचं. पाऊस दोन-तीन दिवस लांबला की ओंबीतच दाण्याला कोंब फुटायला लागतो. कोंब दिसायच्या आधीच दाण्याच्या आत एक पाचक रस तयार होतो आणि पिष्ट तोडून त्याची साखर करायला लागतो, कारण नव्या रोपाला ती साखर खायला हवी असते. बाळाच्या खिरीसाठी आपण गहू, नाचणी मुद्दाम मोड आणून दळतो ना? त्या पिठाची खीर पातळ होते, बाळाला गिळायला सोपी जाते, तीही याच रसामुळे. तिथे तो गुण आहे. पण पोळीत आणि कुरडईत तोच दोष ठरतो. कणीक हाताला चिकटते, पोळी आतून ओलसर लागते, आणि चीक शिजवताना घट्ट व्हायचं नाव घेत नाही. सोऱ्यातून घातलेली कुरडई पसरते आणि वाळल्यावर तुकडे पडतात.

तिसरं नुकसान बुरशीचं. ढगाळ, दमट हवेत दाण्याचं अंकुराकडचं टोक काळं पडतं. थोडं काळं टोक असलेला गहू बाजारात येतच असतो, त्याने पिठाचा रंग उतरतो. पण गव्हाला कुबट वास येत असेल, दाण्यावर हिरवी-काळी बुरशी दिसत असेल, तर तो घरच्यांना देऊ नका आणि गोठ्यातही टाकू नका. बुरशीचं विष दळून, भाजून जात नाही. "जनावर खाईल" म्हणून ढकललं तर दुधावर आणि जनावराच्या जिवावर बेततं.

ढगाळ हवेचा आणखी एक मार्ग आहे, तो तांबेऱ्याचा आणि माव्याचा. तांबेऱ्याने पान खाल्लं किंवा माव्याने रस शोषला की ओंबीचं स्वयंपाकघर बंद पडतं. ऊन न लागताही दाणा बारीकच राहतो.

स्वस्त गहू खरंच स्वस्त असतो का?

आता गटाच्या पैशाचं बोलू. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला.

समजा आपण १० किलो गहू ३५ रुपयांनी घेतला, ३५० रुपये झाले. जळण, मीठ, हिंग आणि बायांची मजुरी मिळून ४५० रुपये. एकूण ८०० रुपये. चांगल्या गव्हातून ४ किलो कुरडई उतरली तर किलोला खर्च आला २०० रुपये. आपण ऑर्डर घेतली आहे २४० रुपये किलोने. किलोमागे ४० रुपये सुटले.

आता कुणीतरी म्हटलं, "हा गहू जरा बारीक आहे, पण ३१ रुपयांनी मिळतोय." घेतला. गव्हाचे ३१० झाले. जळण, मजुरी तेवढीच, कारण बारीक गहू भिजवायला, वाटायला कष्ट कमी पडत नाहीत, उलट जास्तच पडतात. एकूण ७६०. कुरडई उतरली ३ किलो. किलोला खर्च आला २५३ रुपये. आणि ऑर्डर २४० चीच. गव्हात किलोला चार रुपये वाचवले आणि कुरडईत किलोला तेरा रुपये गमावले.

हे नुकसान वहीत बहुतेक वेळा दिसत नाही, कारण आपण ते मजुरीतून भरून काढतो. "राहू दे, यंदा थोडं कमी घेऊ," म्हणतो. उन्हाने केलेला तोटा शेवटी बाईच्या रोजातून वजा होतो. म्हणून गहू पारखणं हे घरकाम समजू नका, तो गटाच्या व्यवहाराचा भाग आहे. आणि ऑर्डरचा भाव पक्का करायचा तो गहू पारखल्यानंतर, आधी नाही.

घेण्यापूर्वी पाच तपासण्या

व्यापाऱ्याकडून किंवा शेतकऱ्याकडून दोन किलोचा नमुना मागून घ्या. तो पोत्याच्या वरच्या थरातून नको. दोन-तीन पोत्यांच्या तळातून, मधून आणि वरून थोडा थोडा घ्या.

पहिली, मापाची तपासणी. एक लिटरचं माप न हलवता, न ठोकता गव्हाने भरा, पट्टीने वरून सपाट करा आणि वजन करा. चांगला भरलेला गहू ७६० ते ८०० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याहून बराच हलका भरला तर दाणा पोचट आहे. माप घरचं असेल तर दोन गहू एकाच मापाने तोलून तुलना करा.

दुसरी, मोजणीची. ५०० दाणे मोजून पॅकिंगच्या काट्यावर ठेवा आणि येईल त्याची दुप्पट करा. ४० ग्रॅमच्या आसपास असेल तर उत्तम, ३० च्या जवळ असेल तर जपून. मुलांना मोजायला बसवा, पटकन होतं.

तिसरी, निवडण्याची. १०० ग्रॅम गहू ताटात घेऊन सुरकुतलेले आणि फुटलेले दाणे वेगळे काढा, त्यांचं वजन करा. जेवढे ग्रॅम, तेवढे टक्के. ६ च्या आत असेल तर माल नियमातला आहे. जास्त असेल तर भाव पाडून मागायला आपल्याकडे आकडा आहे. "गहू बरा दिसत नाही" म्हटलं तर व्यापारी हसतो. "तुमच्या गव्हात अकरा टक्के बारीक आहे" म्हटलं की तो बोलायला लागतो. त्याच ताटात अंकुराचं टोक बघा. साल फाटून कोंब डोकावतोय का? काळं टोक किती आहे?

चौथी, ओलाव्याची. दाणा दाताखाली धरा. 'कट' असा आवाज करून तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. शंका असेल तर मिठाची परीक्षा करा. मीठ तव्यावर कोरडं भाजून गार करा. कोरड्या काचेच्या बाटलीत एक तृतीयांश गहू आणि दोन चमचे मीठ घालून मिनिटभर चांगलं हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ बाटलीच्या काचेला चिकटलं तर गव्हात १५ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा आहे. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांच्या वर भाव कापतात आणि १४ च्या वर माल घेत नाहीत. म्हणजे मीठ चिकटवणारा गहू साठवायला घ्यायचाच नाही.

पाचवी, खळीची. भिजलेल्या गव्हाचा संशय असेल तेव्हा ही करा. थोडा गहू दळून घ्या. दोन चमचे पीठ एक वाटी पाण्यात कालवा आणि मंद आचेवर हलवत शिजवा. शेजारी घरच्या जुन्या, खात्रीच्या गव्हाची तशीच खळ करा. जिची खळ पातळ राहील, त्या गव्हात मोड आलेले दाणे आहेत. कुरडईसाठी तो नको.

मोठी ऑर्डर असेल तर पाव किलो गव्हाचा चीक काढून बघा. तीन दिवस लागतील, पण पाच क्विंटल फसण्यापेक्षा तीन दिवस बरे.

शेतात आपल्या हातात काय आहे?

ऊन आपण थांबवू शकत नाही. पण गहू उन्हात सापडणार नाही एवढं बघू शकतो.

सगळ्यात मोठी गोष्ट पेरणीची तारीख. १५ नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिराला एकरी सुमारे एक क्विंटल उत्पादन घटतं, असं कृषी विद्यापीठ सांगतं. का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. कपाशी उपटायला उशीर झाला, कालव्याचं आवर्तन लांबलं आणि गहू डिसेंबरच्या मध्याला पेरला, की त्याचा चीक मार्चच्या उन्हात भरतो. उशीर होणारच असेल तर निफाड ३४ किंवा फुले समाधान यांसारखं उशिरा पेरणीला चालणारं वाण निवडा. पाणी बेताचं असेल तर नेत्रावती, कोरडवाहूला पंचवटी. बियाणं कोणतं आणायचं हे घरात बहुतेक वेळा दादा किंवा मालक ठरवतात. पण त्या गव्हाची पोळी आपण लाटतो, चीक आपण काढतो. तेव्हा दिवाळीतच घरात हा विषय काढा.

दुसरी गोष्ट पाण्याची वेळ. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात, ४० ते ४५ दिवसांनी कांडी धरते, ६० ते ६५ दिवसांनी फुलोरा येतो आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणा चिकात असतो. या चार वेळी पाणी चुकवायचं नाही. दोनच पाणी मिळणार असतील तर पहिलं २०-२२ दिवसांनी आणि दुसरं ६०-६५ दिवसांनी द्यावं. चिकाच्या वेळचं हलकं पाणी रानाला गारवा देतं आणि शेवटचं पान हिरवं ठेवतं. मात्र जोराचा वारा असताना पाणी देऊ नका. ओंबीचं वजन वाढलेलं असतं, ओल्या जमिनीत गहू आडवा पडतो, आणि आडव्या पडलेल्या गव्हाचा दाणा नीट भरत नाही.

तिसरी गोष्ट काढणीची. गहू पक्व झाला की दोन दिवस आणखी वाळू दे म्हणत थांबू नका. मार्चच्या आकाशाचा आता भरवसा राहिला नाही. हवामान खात्याचा अंदाज रोज ऐका. कापलेल्या पेंड्या उंचावर रचा, ताडपत्री जवळ ठेवा. आणि पाऊस पडलाच तर भिजलेला भाग वेगळा मळा, वेगळ्या पोत्यात भरा. चांगल्या आठ पोत्यांत भिजलेली दोन मिसळली की दहाही पोत्यांचा भाव पडतो.

साठवताना गहू कडक उन्हात वाळवा, पण गरम गरम कोठीत भरू नका. आधी सावलीत निवू द्या. गरम दाण्याला कोठीत घाम सुटतो आणि पावसाळ्यात तिथूनच सोंडे आणि जाळी लागते. चिरमटलेले, फुटके दाणे आधीच चाळून काढा, कीड पहिल्यांदा त्यांनाच धरते.

ताटातला गहू आणि अंगातलं रक्त

शेवटी एक गोष्ट, जी डोळ्यांना दिसत नाही. धुरामुळे हवेत कार्बन डायऑक्साइड वायू वाढतो आहे. त्याने दाण्यातली पोषणद्रव्यंही बदलतात. शेतात हा वायू मुद्दाम वाढवून वेगवेगळ्या देशांत प्रयोग केले गेले, त्यांचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. या शतकाच्या मध्यापर्यंत हवेत जेवढा वायू असेल असं धरलं जातं, तेवढ्यात वाढलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी आणि प्रथिनं ६ टक्क्यांनी कमी आढळली. आज आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. तेव्हा नुसत्या पोळीवर विसंबून चालणार नाही. आठवड्यात काही वेळा बाजरीची, नाचणीची भाकरी, सोबत डाळ, मटकीची उसळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळलेलं, हे ताट गव्हाची उणीव भरून काढतं. आणि घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय मोडली, तर त्याहून जास्त फरक पडेल.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरच्या गव्हाचा एक वाटीभर नमुना पुडीत बांधून आणा. पुडीवर वाण, पेरणीची तारीख आणि काढणीत पाऊस लागला का, एवढं लिहा. सगळ्या पुड्या ओळीने मांडा, ५००-५०० दाणे मोजा, तोला आणि गटाच्या वहीत एक पान त्यासाठी ठेवा. दरवर्षी एक पान. तीन-चार वर्षांत आपल्या गावच्या हवेत कोणता गहू कधी पेरला की चांगला भरतो, हे सांगायला दुसरं कुणी लागणार नाही, तुमची वहीच सांगेल. आणि पुढची ऑर्डर घेताना भाव ठरवायला तेच पान हाताशी असेल.

ऐकत राहा, आणि ऐकलेलं शेजारणीलाही सांगा.